हजेरीपत्रकात तुमचं काम काय लिहिलंय?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कोअर शॉपला, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनवतात तिथे, आम्ही नऊ बायका आणि चार पुरुष आहोत. शेल कोअरच्या मशिनवर सगळेच बसतो. आमची हजेरी 530 रुपये, पुरुषांची 620. विचारलं तर सुपरवायझर म्हणतात, ‘ते ऑपरेटर, तुम्ही हेल्पर. जड उचलायला तेच लागतात.’ सहा वर्षं झाली. काही करता येईल का?

उत्तर : येईल. आधी हिशेब बघा. रोजचे 90 रुपये, 26 दिवसांचे 2,340, वर्षाचे 28,080. त्यावर मालकाच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ धरला तर वर्षाला आणखी सुमारे 3,370. बोनस, ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटीही याच आकड्यावरून निघतात. म्हणजे ‘हेल्पर’ हा एक शब्द तुमच्या म्हातारपणापर्यंत पैसे कापत राहतो.

एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून वेगळं वेतन देता येत नाही, हा नियम 1976 च्या समान वेतन कायद्यापासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू झाली आणि तोच नियम तिच्या कलम 3 मध्ये आला. सारखं काम ठरवताना कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी बघतात. हुद्द्याचं नाव बघत नाहीत. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या स्त्री लघुलेखकांच्या खटल्यात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. युनियनशी करार झाला आहे, कंपनी तोट्यात आहे, ही कारणं तिथे चालली नाहीत.

त्यामुळे सुरुवात अर्जाने करू नका, वहीने करा. पंधरा दिवस रोज लिहा : कोणतं मशिन, कोणता कोअर, किती नग, किती रिजेक्ट, कोअरचा बॉक्स (साचा) कोणी तापवला, बर्नर कोणी कमी-जास्त केला. शेजारच्या मशिनवरच्या पुरुषाचंही तेच लिहा. आणि जे काम तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून सोडून देता, ते आवर्जून लिहा. कोअरचा रंग फिका राहिला की तो कच्चा आहे आणि धातू ओतताना मोडणार, जास्त काळपट पडला की जळला, हे डोळ्यांनी ओळखून तुम्ही वेळ बदलता. कोअरच्या कडेला आलेली पातळ पाख कानशीने काढता. वॉश (कोअरवरचा लेप) लावताना व्हेंटच्या, म्हणजे वायू बाहेर जाण्याच्या, भोकात तो साचू देत नाही, कारण भोक बुजलं की वायू अडकतो, कास्टिंगमध्ये (ओतलेल्या नगात) ब्लोहोल, म्हणजे पोकळी, येतो आणि अख्खा नग भंगारात जातो. हे कौशल्याचं काम आहे. तुम्ही स्वतःच त्याला ‘मदत’ म्हणत राहिलात तर दुसरं कोणी कौशल्य म्हणणार नाही.

जड उचलण्याचं कारण मोजून बघा. पाळीच्या आठ तासांत पुरुष किती वेळ पोती किंवा बॉक्स उचलतात? वीस मिनिटं असतील तर तेवढ्यावर 90 रुपयांचा फरक टिकणं कठीण. पण ते रोज डाय (मशिनवरचा साचा) बदलत असतील, मशिनची दुरुस्ती करत असतील, तर तो फरक खरा आहे आणि कायदा त्याला परवानगी देतो. तसं असेल तर डाय बदलायचं शिकवा आणि ऑपरेटर म्हणून नोंद करा, ही मागणी जास्त पक्की.

मग कागद गोळा करा. पगारपत्रक देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात हुद्दा, मूळ वेतन, विशेष (महागाईचा) भत्ता, भरलेले दिवस आणि कपाती बघा. किमान वेतनासाठी तुम्हाला कुशल, अर्धकुशल की अकुशल धरलं आहे, हेही विचारा. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तो पुरुषांच्या पगारात वाढला आणि तुमच्यात नाही, असं आढळलं तर तो वेगळा मुद्दा म्हणून मांडा. ठेकेदारामार्फत असाल तर अर्जात ठेकेदार आणि कंपनी दोघांचंही नाव घाला. ठेकेदाराने वेतन बुडवलं तर जबाबदारी कंपनीवर येते.

अर्ज एका पानाचा, नऊ जणींच्या सह्यांचा. एकटीच्या अर्जाला ‘तुझं काम बरोबर नाही’ हे उत्तर तयार असतं. ‘पुरुषांइतका पगार द्या’ एवढंच लिहू नका. ‘अमुक मशिनवर आम्ही आणि ते रोज अमुक नग काढतो, तरी वेतनात 90 रुपयांचा फरक आहे’ असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. पोच देत नसतील तर पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर हीच फाइल घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो आणि थकबाकीच्या वर दहा पटींपर्यंत भरपाई मागता येते. सहा वर्षं गेली आहेत, आता आणखी थांबू नका.

गाडी कुठे अडते, तेही सांगते. पुरुष सहकाऱ्यांना भीती वाटते की आपली हजेरी 530 वर येईल. समानता आणण्यासाठी कोणाचंही वेतन कमी करता येत नाही, हे वेतन संहितेच्या त्याच कलम 3 मध्ये आहे. त्यांना ते वाचून दाखवा, म्हणजे ते सोबत येतील. आणि कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

प्रश्न : राजारामपुरीतल्या कापड दुकानात मी साडेचार वर्षं आहे. पगार 13,000, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात, माणसं चौदा. मला चौथा महिना आहे. मालक म्हणतात, ‘राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत ये.’

उत्तर : राजीनामा देऊ नका, ताई. पगार 21,000 च्या आत आहे आणि ईएसआय आहे, म्हणजे 26 आठवड्यांचा पूर्ण पगार ईएसआय देतं. मालकाच्या खिशातून हा पैसा जात नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. पुष्कळ दुकानदारांना खरंच माहीत नसतं. आधीच्या सलग दोन अंशदान काळांत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) मिळून 70 दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. कापलेले पैसे खरोखर जमा झालेत का, ते आजच तपासा. 26 पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं आधीच असतील तर एकूण रजा 12 आठवड्यांची.

तुम्ही पाच वर्षांच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून राजीनाम्याचा तोटा मोठा. ही रजा अखंड सेवेत धरतात, त्यामुळे रजेतच तुमची ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरतील. परत आल्यावर ‘नवीन’ म्हणून घेतलं तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजतील. रजेचा अर्ज लेखी द्या, सोनोग्राफीच्या कागदाची प्रत जोडा. या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे.

प्रश्न : मुलाखतीत ‘लग्न कधी?’ विचारतात. उत्तर द्यावं का?

उत्तर : बंधन नाही. ‘कामाच्या वेळा मला जमतात’ एवढं पुरे. प्रश्न विचारल्याचा पुरावा राहत नाही, पण भरतीतही भेदभावाला मनाई आहे. म्हणून निवड झाली नाही तर कारण ईमेलने विचारा.

प्रश्न : आई तीस वर्षं कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालते. बिल आणि योजना सगळं वडिलांच्या नावावर. तिचं नाव कुठे लागेल?

उत्तर : आधी घरातल्या घड्याळावर मोजा : एका जोडाच्या वेणीला किती मिनिटं लागतात आणि त्याचे किती रुपये मिळतात. तासाचा दर निघाला की व्यापाऱ्याशी बोलायला आकडा हातात येतो. वहीत तारीख, जोड, वेणीचा प्रकार, परत आलेले नग, दर आणि घेणाऱ्याची सही असू द्या. हस्तकला विकास आयुक्तांकडचं कारागीर ओळखपत्र आईच्या नावाने काढा, बँक खातंही तिचं एकटीचं.

एक मात्र ध्यानात ठेवा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांना 15,000 रुपयांचं साहित्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज मिळतं, पण एका कुटुंबातल्या एकालाच. पती, पत्नी आणि अविवाहित मुलं म्हणजे एक कुटुंब. वडिलांची नोंद अजून झाली नसेल तर अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे तो भरण्याआधी आईला समोर बसवून ठरवा.