गोल्फच्या चार मेजरपैकी, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, कोणती स्पर्धा कोल्हापुरात जागरण न करता शेवटपर्यंत बघता येईल?

जुलैमधली 'द ओपन' बघा. बाकी तिन्हींचा शेवट आपल्याकडे सोमवारी पहाटे, कधी तर चांगलं उजाडल्यावर होतो. कारण घड्याळाचं आहे. एप्रिलची मास्टर्स, मेमधली पीजीए चॅम्पियनशिप आणि जूनची यूएस ओपन अमेरिकेत होतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, कॅलिफोर्निया साडेबारा. म्हणजे तिथे रविवारी संध्याकाळी शेवटचा 'पट' (चेंडू होलमध्ये, म्हणजे भोकात, ढकलणारा फटका) होतो तेव्हा इथे रंकाळ्यावर सकाळी फिरणारे बाहेर पडलेले असतात. ओपन मात्र ब्रिटन किंवा उत्तर आयर्लंडमध्ये असते. तिथलं घड्याळ साडेचारच तास मागे, त्यामुळे रविवारचा खेळ साधारण रात्री ११ पर्यंत आटोपतो. आणि वेळ सोयीची नसती तरी मी हीच सुचवली असती! समुद्रावरच्या वाऱ्यामुळे चेंडू मुद्दाम जमिनीलगत ठेवावा लागतो, आणि वाळूचे खड्डे इतके खोल की अडकलेला खेळाडू कधीकधी होलवरच्या झेंड्याकडे पाठ करून चेंडू उलट्या दिशेला बाहेर काढतो. एवढंच लक्षात ठेवा: पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर लगेच तीन होलचा प्लेऑफ, म्हणजे निकालासाठी जादा खेळ, होतो, मग मध्यरात्र होऊ शकते.