आधी चाक बघा, मग ईसीयू : ट्रकच्या एबीएसबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी दहाचाकी उसावर चालते. कारखाना सुरू व्हायच्या आधी हब उघडून ग्रीस भरून घेतलं. तेव्हापासून एबीएसचा पिवळा दिवा विझत नाही. ब्रेक नेहमीसारखे लागतात. वायरमन म्हणतो ईसीयू गेला, बदलावा लागेल. खर्च मोठा आहे. काय करू?
– ट्रकमालक, गेवराई

उत्तर : एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि ईसीयू म्हणजे तिचा इलेक्ट्रॉनिक मेंदू. ईसीयू एवढ्यात घेऊ नका. हबचं काम झालं आणि लगेच दिवा लागला, तर दोष आधी हबजवळच शोधायचा. चाकाचा सेन्सर नट-बोल्टने आवळलेला नसतो. तो स्प्रिंगच्या पातळ बुशमध्ये नुसता घट्ट बसवलेला असतो. हब निघताना-बसताना तो मागे सरकतो आणि पुढे ढकलायचा राहून जातो. टोन रिंगपासून, म्हणजे हबवरच्या दातेरी कड्यापासून, लांब गेला की त्याला चाकाची गतीच कळत नाही.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जण फसतात. चावी फिरवली की दिवा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो, हे झालं ठीक गाडीचं. पण मागच्या वेळी सेन्सरचा दोष नोंदला गेला असेल, तर दुरुस्ती झाल्यावरही उभ्या गाडीत दिवा लागलेलाच राहतो. गाडी ताशी 7 ते 10 किलोमीटरच्या पुढे गेली आणि सगळ्या सेन्सरकडून सिग्नल आला की मगच तो विझतो. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या उभ्या निकाल लावू नका. थोडी चालवून बघा.

तरी विझला नाही तर मोजमाप करा. गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली स्टँड द्या. मागचं चाक हाताने फिरवायचं तर पार्किंग ब्रेक सोडावा लागतो, आणि तेव्हा गाडी फक्त ठोकळ्यांनीच अडवलेली असते. नुसत्या जॅकवर हे काम कधीही करू नका.

चावी बंद करून सेन्सरचं कनेक्टर सोडवा. मल्टिमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघा. कॉइलच्या सेन्सरला तो साधारण 900 ते 2000 ओहम येतो, काही मेकमध्ये 2500 पर्यंत. डावा-उजवा जवळपास सारखा हवा. मीटर लावलेलं असतानाच केबल चाकाच्या वळणापाशी हलवून बघा. आकडा उडाला किंवा ‘ओएल’ (म्हणजे मीटरला जोडच मिळत नाही) आला, तर वायर आतून तुटलेली आहे. मग एक पिन आणि चेसिस यांच्यात बघा. तिथे 100 किलोओहमच्या वर यायला हवा. कमी आला तर केबल कुठेतरी घासून अर्थ होते आहे.

आता मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि चाक दोन सेकंदांत एक फेरा या गतीने फिरवा. किमान 0.2 व्होल्ट दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर सेन्सर अंगठ्याच्या जोराने रिंगला टेकेपर्यंत आत ढकला. हातोडी नको, स्क्रूड्रायव्हरची टाच नको. चाक फिरलं की रिंगच त्याला हवं तेवढं मागे सारते. फट 0.7 मिमीच्या आत राहायला हवी. ढकलताना तो खरखरत अडखळत जात असेल तर बाहेर काढा. टोकावर लोखंडी कीस ब्रशच्या केसांसारखा उभा राहिलेला दिसेल, कारण आत चुंबक असतो. तो पुसा, बुश स्वच्छ करा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवून परत बसवा. बुश सैल झाली असेल तर नवी घाला. ही वस्तू स्वस्त असते, पण तिच्यासाठी लोक अख्खा सेन्सर बदलतात.

टोन रिंगला बहुतेक 100 दात असतात. आपल्याकडची काळी माती आणि हबचं ग्रीस मिळून दातांमधल्या फटी सिमेंटसारख्या भरतात. त्या वायर ब्रशने साफ करा, छिन्नीने नको, कारण एक दात वाकला तरी प्रत्येक फेऱ्यात सिग्नल चुकतो. रिंग हबवर तिरकी बसली असेल तर चाक फिरताना डोलते. डोल 0.2 मिमीपेक्षा जास्त नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : बेअरिंग. टायरखाली पहार घालून चाक वर उचला. प्ले, म्हणजे सैलपणा, लागला तर बेअरिंगचा नट परत सेट करा. बेअरिंग सैल असेल तर आज ढकललेला सेन्सर खड्ड्यांच्या रस्त्यावर चार खेपांत मागे जातो आणि दिवा पुन्हा लागतो. अशा गाडीत तीन-तीन सेन्सर बदलले जातात आणि बेअरिंगला कोणी हात लावत नाही.

प्रश्न : रस्ता कोरडा, गाडी थांबायला आलेली, वेग 10-15 चा. तेवढ्यात खालून ‘फुस्स-फुस्स’ हवा सुटते आणि गाडी दोन-चार फूट पुढे सरकते. दिवा लागत नाही.
– चालक, उदगीर

उत्तर : हे दुर्लक्षू नका, दिव्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. चाकाची गती कमी झाली की सेन्सरचं व्होल्टेजही कमी होतं. फट मोठी असेल तर वेगात सिग्नल पुरतो, पण थांबताना एकदम गायब होतो. ईसीयूला वाटतं चाक जाम झालं, म्हणून तो त्या चाकाची हवा सोडतो. मोठ्या वेगात सगळं बरोबर असल्याने दोष नोंदला जात नाही, म्हणून दिवाही लागत नाही.

खात्री करायची तर मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने, अगदी हळू वेगात करा. एकदा तसंच थांबा, एकदा एबीएसचा फ्यूज काढून थांबा. फ्यूज काढल्यावर हवा सुटणं बंद झालं, तर कारण हेच. फ्यूज लगेच परत बसवा. मग मदतनीसाने चाकांपासून लांब उभं राहून कोणत्या मोड्युलेटरमधून (ईसीयूच्या हुकमावर ब्रेकची हवा सोडणाऱ्या वाल्वमधून) हवा सुटते ते ऐकावं. त्या बाजूची फट, रिंगचे दात आणि बेअरिंग वर सांगितल्याप्रमाणे तपासा. तिथे सगळं चोख निघालं तर ड्रम उघडून लाइनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा ब्रेकचा पट्टा) बघा. तेल लागलेला लाइनर पकडतो, चाक खरोखर जाम होतं, आणि मग एबीएस आपलं कामच करत असतो.

प्रश्न : सळईच्या भाड्यासाठी बॉडीला पट्ट्या मारून घेतल्या. वेल्डिंग झालं त्याच दिवशी दिवा लागला.
– जालना

उत्तर : वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीयूचा प्लग काढायचा असतो, आणि मशीनचा अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळ लावायचा असतो. नाहीतर करंट वायरिंगमधून वाट काढतो. यात मात्र ईसीयू खरंच जाऊ शकतो, पण आधी बाकीचं बघा.

फ्यूज बघा. मग ईसीयूच्या प्लगवर सप्लाय आणि अर्थ यांच्यात 24 व्होल्टचा 21 वॅटचा बल्ब लावून व्होल्टेज मोजा. बल्ब यासाठी, की वायरचा एकच तार शिल्लक असला तरी नुसतं मीटर 24 व्होल्ट दाखवतं. लोड आला की खरं कळतं. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी आलं तर अर्थचा लग सोडवून घासा.

पुढे मोड्युलेटर. कनेक्टर काढून कॉमन पिनपासून दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स घ्या. 24 व्होल्टच्या गाडीत तो साधारण 11 ते 21 ओहम येतो. चावी फिरवल्यावर इंजिन बंद ठेवून शांतपणे ऐका, पुष्कळ गाड्यांत प्रत्येक मोड्युलेटर क्रमाने ‘टक-टक’ करतो. एखादा गप्प राहिला तर त्याचीच वायर धरा. हे सगळं ठीक निघालं, तरच ईसीयूवर बोट ठेवा.

प्रश्न : दिवा सतत लागतो म्हणून बल्बच काढून टाकला. ब्रेक लागतातच, मग चालेल ना?
– नांदेड

उत्तर : नाही. जड ट्रकना एबीएस 2015 पासून सक्तीचा आहे, पासिंगला अडचण येईल, पण मुख्य कारण ते नाही. एबीएस बंद असताना साधे एअर ब्रेक लागतात, हे खरं. पण चाक जाम होण्यापासून कोणी वाचवत नाही. ऊस तोडून शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांतून काळ्या मातीचे लगदे डांबरावर पडतात. त्यावर पावसाची एक सर आली की रस्ता साबणासारखा होतो. अशा वेळी मांजरसुंबा घाटात रिकाम्या गाडीने जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि शेपूट बाजूला जाते. बल्ब आजच परत लावा, दोष काढून घ्या, आणि तोवर अंतर ठेवून चालवा.

प्रश्न : पुढे एका बाजूला नवा टायर, दुसरीकडे जुना, तोही वेगळ्या साइझचा. यानेही दिवा लागतो का?
– परभणी

उत्तर : लागू शकतो. ईसीयू चाकांच्या गतीची तुलना करतो, लहान टायर जास्त फेरे घेतो. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी सरळ एक फेरा हलवा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. 10.00-20 टायरला ते सव्वातीन मीटरच्या आसपास येतं. दोन्ही बाजूंत झिजेमुळे काही सेंटीमीटरचा फरक चालतो. वीतभर फरक आला तर टायर बदला, सेन्सर नको.