आधी प्रयोग, मग गाडी

बेटा,

परवा तू धरमपेठेतल्या घरी आलीस, चहा तसाच निवू दिलास आणि विचारलंस, "ताई, काय करू?" मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. तू गेल्यावर झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतला तुमचा प्रयोग बारा दिवसांवर आलाय, दोन महिने तालमी झाल्यात, आणि मालिकेवाल्यांनी तुला सोमवारी मुंबईत हजर व्हायला सांगितलंय. नायिकेची नणंद, महिन्याला वीस दिवस काम. तू गुणी आहेस वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला ठाऊक आहे. पण "मुंबई की नागपूर" हा तुझा प्रश्नच चुकलाय. मुंबईला जा, जरूर जा. आधी प्रयोग, मग गाडी.

१९८७ साली मी तुझ्याच वयाची होते. घरोघरी एकच दूरदर्शन, मालिका तेरा भागांच्या. तशा एका मालिकेत मला काम मिळालं आणि स्पर्धेला आठ दिवस उरले असताना मी मुंबईच्या गाडीत बसले. दिग्दर्शकांसमोर जायची हिंमत झाली नाही, धाकट्या भावाच्या हाती चिठ्ठी पाठवली. माझ्या जागी त्यांनी प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाच्या बहिणीला उभं केलं. आठ दिवसांत जमेल तेवढं तिनं पाठ केलं. दुसऱ्या अंकात ती अडली. प्रॉम्प्टरचा आवाज पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेला आणि माझी साडी नेसलेली ती पोर पेटता कंदील हातात धरून नुसती उभी राहिली. चौदा माणसं होती त्या नाटकात. कुणी कॉटन मार्केटात हिशेब लिहायचा, कुणी शाळेत शिकवायचा, आणि रात्री आठला सायकली हाणत तालमीला यायचे. ती मंडळी पुन्हा कधी एकत्र उभी राहिली नाही. माझ्या वाट्याला मालिकेचे चार भाग आले. त्या मुलीची माफी मी वीस वर्षांनी मागितली. ती एवढंच म्हणाली, "कंदील तापला होता गं, हात भाजत होता."

तू म्हणालीस, दुसरी कुणी तयार करतील. ऐकून मला राग आला, अजून आहे. वाक्यं कुणीही पाठ करेल. पण तू दाराकडे वळतेस त्याच क्षणी तुझा सहनट पेला खाली ठेवतो ना, ते बसायला दोन महिने लागलेत. मी तालमीला आले होते, मी पाहिलंय. ते बारा दिवसांत कुणाला शिकवणार आहेस तू?

मालिकेत काय असतं तेही ऐक. सीन हातात पडतो तेव्हा तू मेकअपला बसलेली असतेस. तुझ्या क्लोजअपच्या वेळी समोरचा नट घरी गेलेला असतो, सहायक दिग्दर्शक कागदावरून त्याची वाक्यं सपाट वाचतो, आणि त्याच्याकडे बघून तुला रडायचं असतं. पैसे तीन-तीन महिन्यांनी. टीआरपी घसरला की ट्रॅक, म्हणजे तुझ्या पात्राची गोष्ट, गुंडाळतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही, घराचं कर्ज मी त्यावरच फेडलं. पण त्या सपाट आवाजापुढे उभी राहिलीस की समोरच्याचं खरं वाक्य कानात कुठून आणशील? याच दोन महिन्यांतून. म्हणून सांगते, आधी प्रयोग.

तुला लोक सांगतील, ताईंना मुंबई झेपली नाही म्हणून त्या परत आल्या. सांगितलंही असेल. ते खरं नाही. २००६ मध्ये माझी मालिका उत्तम चालली होती. गडचिरोलीकडच्या वडसाच्या एका नाटकमंडळीला मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या, मोसमाचा शब्द दिला होता, दिवाळीपासून होळीपर्यंतचा. ऐन वेळी निर्मात्यानं तारखा वाढवल्या. एकदा शब्द मोडला होता, दुसऱ्यांदा मोडणार नव्हते. मी वडशाला गेले, माझ्या पात्राला मालिकेत अपघातात मारलं. रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटे पडायचा, माणसं घोंगड्या पांघरून बसलेली. एका प्रवेशात मी रडत होते, तर मागून एक म्हातारी ओरडली, "काऊन रडून राहिली वं, जाय ना माहेरी!" तसं उत्तर मला कुठल्याही सेटवर मिळालं नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातली माणसं कौतुकानं बोलू लागली. मी गेले तेव्हा याच माणसांनी मला वेड्यात काढलं होतं. मी हरून आले नाही. मला यायचं होतं म्हणून आले. नाटककार महेश एलकुंचवारांनी नागपुरात राहूनच लिहिलं आणि त्यांची नाटकं देशभर झाली, तेव्हा इथं राहणं म्हणजे मागे पडणं असं मला कुणी शिकवू नये.

असो, तुझं सांगते. उद्या सकाळी मालिकेवाल्यांना फोन कर. मेसेज नको, फोन. म्हणावं, अमुक तारखेला माझा प्रयोग आहे, दुसऱ्या दिवशी सेटवर हजर होते. मेकअप उतरवून थेट निघालीस तरी समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, रात्रीतून पोचशील. नव्या पात्राची एंट्री आठवडा-दोन आठवडे पुढे सरकवता येते, मी अनेकदा पाहिलंय. नाहीच ऐकलं तर काम जाईल. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? जाईल, आणि तुला फार लागेल. तेव्हा इकडे ये, हवं तेवढं रड, मी जेवायला करून ठेवीन. तरीही आधी प्रयोग.

रंगीत तालमीला मी येतेच आहे. प्रयोगाच्या दिवशी सायंटिफिक सभागृहात पाचव्या रांगेतल्या दोन खुर्च्या धरून ठेव. ती कंदीलवाली आता आजी झालीय, तिला घेऊन येणार आहे.

तुझी,
ताई