आधी गळ्याला बोटं लाव

घोष आणि महाप्राण यांच्या व्याख्या नंतर पाठ कर. गळ्यावर बोटं ठेवून ‘स्ऽऽ’ म्हण, मग ‘म्ऽऽ’. दुसऱ्या वेळी जी थरथर लागते, तोच घोष. आता तोंडासमोर तळहात धर: कार, खार, गार, घार. ‘खार’ला हातावर झुळूक येते, ‘घार’ला झुळूकही आणि थरथरही. ही झुळूक म्हणजे महाप्राण. (‘फ’ने सुरुवात नको, तो आपण बरेचदा दात-ओठांनी घासून उच्चारतो.)

म्हापशाच्या बाजारात पाव मागतोस ना, तो शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्याकडे प-ब आहेत, पण महाप्राणाची वेगळी जोडी नाही. इंग्रजीची गंमत निराळी: ‘पिन’मध्ये हवा सुटते, ‘स्पिन’मध्ये नाही, पण त्याने अर्थ बदलत नाही, म्हणून बोलणाऱ्याला पत्ताच नसतो. आपल्याकडे मात्र तेवढ्याने ‘कार’ची ‘खार’ होते. नवी भाषा ऐकताना हेच आधी शोध.