गाडीत राहण्याची तयारी: आधी झोप, मग सामान

खरेदीला लागण्यापूर्वी तुम्ही एक रात्र गाडीत प्रत्यक्ष झोपून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. मागचे आसन आडवे केल्यावर उरणारा उंचसखलपणा पाठीला लगेच जाणवतो, आणि 12 मिमी प्लायवूडची फळी व तिच्यावर घट्ट फोमची गादी टाकली की तो कमी खर्चात मिटतो. झोपताना समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, नाहीतर श्वासातील बाष्प काचांवर साचून पहाटे थेंब अंथरुणावर ओघळतात आणि गादीला खालून बुरशी धरते. पंखा व दिव्यासाठी वेगळी बॅटरी घ्यावी, कारण गाडीची मूळ बॅटरी वारंवार पूर्ण उतरल्यास लवकर निकामी होते. बंद गाडीत शेगडी मात्र कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे तो साचल्याचे कळत नाही.