राजीनामा ड्राफ्टमध्ये ठेवून विचारलेले प्रश्न

नोकरी सोडून ऑनलाइन मार्केटिंगवर घर चालवायचं, या विषयावरची पत्रं हल्ली इतकी सारखी असतात की नाव झाकलं तर कुठलं कुणाचं हे मलाही सांगता येणार नाही. मीही अकरा वर्षं नोकरी करून या धंद्यात आले, म्हणून प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत होते. आता हात दुखतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकदाच घेते. ज्यांची पत्रं लांबलचक होती त्यांची मी छाटली आहेत.

प्रश्न : ताई, बारा वर्षं अकाउंट्समध्ये आहे. नोकरी करून शिकायला वेळच उरत नाही. आधी राजीनामा देऊन सहा महिने पूर्णवेळ शिकलो तर कमाई लवकर सुरू होईल ना? सहा महिन्यांची शिल्लक आहे.

लवकर सुरू होईल ती घबराट. पगार थांबला की माणूस शिकत नाही, मिळेल ते काम मिळेल त्या भावात उचलत सुटतो.

तुम्ही अकाउंट्सवाले, तेव्हा हिशेबच करू. समजा पहिला क्लायंट पहिल्याच दिवशी मिळाला. महिनाभर काम केलंत, महिनाअखेरीला इनव्हॉइस पाठवलंत. त्यावर '३० दिवसांत पैसे' असं लिहिलेलं असतं आणि ते ४५व्या किंवा ६०व्या दिवशी येतात. म्हणजे हातात पहिली रक्कम तिसऱ्या महिन्यात, तीही नशीब जोरावर असेल तर. आणि तुम्ही सहा महिने शिकणार, मग क्लायंट शोधणार! शिल्लक तर शिकण्यातच संपली. वर्षभराचा खर्च बाजूला असल्याशिवाय हा विषय काढू नका, आणि त्या खर्चात कर्जाचे हप्तेही धरा. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबरच संपतो. स्वतःचा विमा नोकरीत असतानाच घ्यावा, कारण जुन्या आजारांसाठी बऱ्याच पॉलिसींत थांबण्याचा काळ असतो. पॉलिसी कुठली ते विमा सल्लागाराला विचारा, मला नको.

राजीनाम्याआधीची माझी परीक्षा एकच आहे. नात्यातल्या-ओळखीतल्या नसलेल्या तीन जणांनी तुम्हाला पूर्ण भावाने पैसे दिले पाहिजेत आणि त्यांतल्या एकाने तरी पुन्हा बोलावलं पाहिजे. एक फुकटचा सल्ला : तुम्हाला हिशेब कळतो, तर हिशेबाची सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं मार्केटिंग करा. सगळे कपड्यांच्या ब्रँडमागे का धावतात, देव जाणे.

प्रश्न : यासाठी एमबीए किंवा एखादं सर्टिफिकेट लागतं का?

नाही. गूगलच्या स्किलशॉप या शिकवणीच्या साइटवरची सर्टिफिकेट फुकट आहेत, शिकण्यापुरती करा. मला आजवर एकाही क्लायंटने सर्टिफिकेट मागितलेलं नाही.

प्रश्न : एका सरांचा मोफत वेबिनार पाहिला. त्यांनी महिन्याच्या कमाईचे स्क्रीनशॉट दाखवले. कोर्सची फी माझ्या तीन पगारांइतकी आहे, पण आज रात्री बारापर्यंत निम्म्यात आहे आणि सातच जागा उरल्या आहेत. कर्ज काढून घेऊ का? मेहुणे म्हणतात, रिस्क घेतल्याशिवाय काही होत नाही.

मेहुण्यांना म्हणावं, कर्ज तुमच्या नावावर काढा.

आता एक करा. त्या कोर्सचं पान ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडा. उलट मोजणारं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं दिसेल. उद्या उघडा, तेव्हाही ते 'आज रात्री बारा'च म्हणेल. हा वेबिनार थेट चाललेला नसतो, रेकॉर्ड केलेला असतो. आमच्यात त्याला एव्हरग्रीन वेबिनार म्हणतात. बाजूच्या चॅटमध्ये 'सर, मी आत्ताच जॉइन झालो!' असं भराभर येत असतं ना, तेही कितव्या मिनिटाला काय दिसावं हे आधीच भरून ठेवता येतं. सात जागांचंही तसंच. रेकॉर्डिंग बघायला जागा कशाला लागतात?

स्क्रीनशॉटचं सांगते. कुठल्याही पानावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा, आकडा बदला, फोटो काढा. दहा सेकंदांचं काम आहे. बरं, आकडा खरा असला तरी ती विक्री असते, नफा नव्हे. शंभराची विक्री दिसते, त्यामागे साठ-सत्तर जाहिरातींत गेलेले असू शकतात. मग परतावे, पेमेंट गेटवेचा वाटा, माणसांचे पगार. उरलेल्याचा स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही.

'पैसे परत मिळण्याची हमी' खालच्या बारीक अक्षरांसह वाचा. सगळे व्हिडिओ पाहिलेले हवेत, सगळ्या असाइनमेंट दिलेल्या हव्यात, जाहिरातींवर स्वतःचे पैसे खर्च केल्याचा पुरावा हवा आणि अर्ज अमुक दिवसांच्या आत हवा. हे सगळं करेपर्यंत ते दिवस सरलेले असतात.

सगळ्यात वाईट प्रकार पुढे येतो. कोर्स संपल्यावर सांगतात, आता हाच कोर्स दुसऱ्यांना विका आणि कमिशन घ्या. म्हणजे शिकलात काय, तर शिकवणी विकायला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1975 मध्ये कॉस्कॉट या कंपनीच्या प्रकरणात पिरॅमिड, म्हणजे नवी माणसं जोडत जाणारी साखळी, ओळखायची जी कसोटी घालून दिली ती आजही कामाला येते : आत शिरायला पैसे भरावे लागतात का, आणि मिळणारं बक्षीस खऱ्या ग्राहकाला माल विकल्याचं आहे की नवी माणसं आणल्याचं? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नवी माणसं आणल्याचं' आलं की तिथून उठायचं. पाठीवर 'डिजिटल' लिहिल्याने साखळी बदलत नाही.

हे मी एवढं पोटतिडकीने का लिहिते, तर नोकरी सोडल्यावर पहिल्या वर्षी हाताला काम नव्हतं तेव्हा अशाच एका कोर्सची पानं मी लिहून दिली आहेत. ते घड्याळ मी स्वतः बसवलं होतं. चार महिन्यांनी एका बाईंचा मेल फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. त्यांनी घड्याळ संपायला तीन मिनिटं असताना बांगडी गहाण ठेवायचं कबूल करून शेजारणीकडून पैसे आणले होते. सूट हुकेल म्हणून धावत गेले, असं लिहिलं होतं. ते घड्याळ तीन मिनिटांनी पुन्हा सुरू होणार होतं, हे मला माहीत होतं. त्या कामाचे पैसे मला वेळेवर मिळाले, हेही सांगून टाकते.

चांगले शिक्षक असतात, नाही असं नाही. त्यांना दोन गोष्टी मागा. दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीची यादी द्या, त्यातले तीन जण मी निवडून बोलेन. आणि तुमच्या चालू क्लायंटचं खातं, क्लायंटच्या परवानगीने, माझ्यासमोर उघडून दाखवा. जो चिडेल त्याला नमस्कार. पैसे आधीच भरून बसला असाल तर आजच करारपत्र काढा. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे तक्रार करायची मुदत असते, ती विचारा आणि ग्राहकहक्काचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. पुढच्या महिन्यात नको, याच आठवड्यात.

प्रश्न : नोकरीत राहून संध्याकाळी एक-दोन क्लायंट घेतले तर ऑफिसला कळेल का?

कळेल का, हा प्रश्नच चुकीचा आहे. चालतं का, ते विचारा. नेमणूकपत्र काढा आणि तीन कलमं शोधा : दुसरं काम करण्याबद्दलचं, नोकरीत असताना तयार केलेल्या गोष्टींच्या मालकीचं, आणि सोडल्यावर कंपनीच्या ग्राहकांकडे न जाण्याचं. तिसऱ्याकडे सगळे काणाडोळा करतात आणि तिथेच अडकतात. पत्र घेऊन नोकरीविषयक कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे तासभर बसा. 'आमच्याकडे सगळेच करतात' हे वकील नाही. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं एक अक्षरही टाइप करू नका.

प्रश्न : अफिलिएट मार्केटिंगमध्ये एकदा ब्लॉग लिहिला की झोपेतही पैसे येतात असं ऐकलं. सहा महिन्यांत पगाराइतकं होईल का?

ज्याने सांगितलं तो झोपेत असावा. अफिलिएट म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा दुवा द्यायचा आणि त्यावरून विक्री झाली की कमिशन घ्यायचं. समजा महिन्याला दहा हजार वाचक आले. शंभरात दोघांनी दुवा दाबला, म्हणजे दोनशे. दोनशेत तीन टक्क्यांनी खरेदी केली, म्हणजे सहा जण. सहा वस्तूंवर पाच टक्के कमिशन. आता त्या वस्तूची किंमत घाला आणि पगाराशी ताडून बघा. महिन्याला दहा हजार वाचक सहा महिन्यांत यायला लागतात असं गृहीत धरलंय मी, तेही उदार होऊन.

शिवाय दोऱ्या दुसऱ्याच्या हातात. अॅमेझॉनच्या अफिलिएट कार्यक्रमात ग्राहकाने दुवा दाबल्यापासून 24 तासांत वस्तू निदान टोपलीत टाकली तरच तुमचं खातं हलतं, आणि पहिल्या 180 दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. एप्रिल 2020 मध्ये त्यांनी अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानाचं कमिशन 8 टक्क्यांवरून 3 वर आणलं. सप्टेंबर 2023 मध्ये गूगलने शोधनिकालांच्या क्रमवारीत केलेल्या बदलानंतर कितीतरी छोट्या साइटचे वाचक आटले. हे जोडउत्पन्न म्हणून ठीक आहे. दुव्यावर कमिशन मिळतं हे वाचकाला उघड सांगा, आणि या कमाईवर कर कसा लागतो हे करसल्लागाराला पहिल्या विक्रीआधी विचारा.

प्रश्न : माझ्या पेजवर वीस हजार फॉलोअर आहेत. एवढ्यावर नोकरी सोडता येईल?

नाही. फॉलोअर म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. छोट्या व्हिडिओंचं वाइन 2017 मध्ये बंद पडलं, गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस 2019 मध्ये. तिथल्या फॉलोअरचं काय झालं ते त्यांना विचारा. लोकांचे ईमेल त्यांच्या संमतीने गोळा करा. याद्या विकत मात्र घेऊ नका. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर नियम कडक केले आहेत. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांवर गेल्या की तुमचा मेल पोचणं मुश्कील होतं.

प्रश्न : पहिला क्लायंट मिळाला! तो म्हणतो, जाहिराती तुमच्याच खात्यातून आणि तुमच्याच कार्डावर चालवा, महिनाअखेरीला हिशेब करू. चालेल?

अभिनंदन, आणि मुळीच चालणार नाही. खातं त्याच्या नावावर, कार्ड त्याचं, तुम्हाला फक्त प्रवेश. नाहीतर तुम्ही मार्केटर नाही, बिनव्याजी सावकार आहात. उद्या भांडण झालं तर खात्यातला इतिहास कुणाचा, यावरही वाद होतो.

आणि खर्च तुमच्या अंदाजाबाहेर जातो तो असा. गूगलवर नवी सर्च कॅम्पेन, म्हणजे शोधणाऱ्याला दिसणारी जाहिरात, करताना 'सर्च पार्टनर' (गूगलशी जोडलेल्या इतर शोधसाइट) आणि 'डिस्प्ले नेटवर्क' (जाहिराती दाखवणाऱ्या इतर साइट) या चौकटींत आधीच बरोबरची खूण असते. तुम्ही 'पुढे' दाबत गेलात की सर्चसाठी ठेवलेले पैसे भलत्याच साइटवर जातात. ठिकाणाच्या पर्यायातही आधीपासून निवडलेला असतो तो 'तिथे असलेले किंवा तिथे रस असलेले'. क्लायंट एका गावापुरता माल पोचवणारा असेल तर तुम्ही दुसऱ्या खंडातल्या माणसाला जाहिरात दाखवत बसता. दिवसाचं बजेटही एखाद्या दिवशी दुप्पट होऊ शकतं. महिन्याची कमाल मर्यादा दिवसाच्या बजेटच्या 30.4 पट, हे क्लायंटला आधी सांगा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी फोन येतो. कामाचा करार लेखी करा आणि सही करण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घाला.

प्रश्न : एआय आल्यावर या धंद्यात काही उरणार आहे का?

मजकूर पाडण्याचं काम स्वस्त झालं आहे, होतच राहील. क्लायंटचा माल का खपत नाही हे शोधण्याचं काम आहे तिथेच आहे.

प्रश्न : मॅडम, आमच्या मिस्टरांनी मला न सांगता राजीनामा दिला. दोन महिन्यांची नोटीस चालू आहे. घराचं कर्ज आहे, मुलगी दहावीत. रोज नवीन कोर्सचे व्हिडिओ बघत असतात. काय करू?

आधी भांडण बाजूला ठेवा, नोटिशीचे दिवस मोजा. एखाद्या रविवारी दोघांनी कागद घेऊन बसा : शिल्लक किती, हप्ता किती, मुलीची फी कधी, विमा कधी संपतो. आकडे त्यांच्या हाताने लिहू द्या. मग दोघं मिळून आर्थिक सल्लागाराकडे जा, एकटं कुणीही नको. कर्जाच्या बँकेशी हप्ता थकण्याआधी बोललेलं नेहमी बरं पडतं.

राजीनामा मागे घेता येतो का, हे त्यांच्या साहेबांना विचारण्यात कमीपणा नाही. पुष्कळदा येतो. नाही आला तर याच धंद्यातल्या एखाद्या एजन्सीत निम्म्या पगाराची का होईना नोकरी बघा. तिथे दुसऱ्याच्या पैशाने चुका करून शिकता येतं. आणि राजीनाम्याची गोष्ट लपवावीशी का वाटली, हे त्यांच्याकडून ऐकून घ्या. ऑफिसमध्ये काही बिनसलं असेल, झोप उडाली असेल, तर कोर्सआधी समुपदेशक गाठा. त्यावर माझा अधिकार नाही.

प्रश्न : चार वर्षांपासून विचार चालू आहे. एजन्सीचं नाव ठरलं, लोगो झाला, व्हिजिटिंग कार्डं छापली. आता लॅपटॉप कुठला घेऊ?

आहे तोच. चार वर्षांत एका तरी दुकानदाराला 'तुमची जाहिरात करून देऊ का' असं विचारलंत? कार्डं छापलेलीच आहेत, त्यातली दहा उद्या वाटून या आणि मग लिहा.