पातीचा कांदा की कांद्याची पात?

ठाण्याच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : "अलिबागच्या बाजारात भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘पातीचा कांदा देऊ?’ आम्ही घरी कांद्याची पात म्हणतो. दोन्ही एकच का? आणि मुळ्याचा पाला, तर कांद्याची मात्र पात, असं का?"

जुडी बहुतेकदा एकच असते, बोलणाऱ्याची नजर वेगळी. ‘दुधाचा चहा’ आणि ‘चहाचं दूध’ म्हणून बघा, शेवटी येतो तो मुख्य जिन्नस. पातीचा कांदा म्हणजे कांदाच, अजून पात अंगावर असलेला. कांद्याची पात म्हटलं की लक्ष हिरव्या भागावर. पीठ पेरून भाजी करायची असेल तर मी पात मागते. सुका जवळा घालायचा असेल तर पातीचा कांदा हवा : पांढरं बूड आधी तेलात परतायचं, हिरवं शेवटी, कारण पोकळ पात लगेच बसते.

आता पाला आणि पात. पात आली संस्कृत ‘पत्र’वरून; पातं आणि पत्रावळ तिचीच भावंडं. पान आलं ‘पर्ण’वरून, पाला ‘पल्लव’वरून. पण व्युत्पत्तीपेक्षा वापर बघण्यात मला जास्त गोडी वाटते. केळीचं पान, शेवग्याचा पाला, माडाचं झाप. प्रत्येकाला आपला शब्द. देठ नाही, बुडापासून सरळ लांब वर गेलेलं, त्याला पात : कांद्याची, लसणीची, गवती चहाची. गवती चहाला ‘पातीचा चहा’ म्हणतात तो याच घडणीचा शब्द.

एक पात हातात घेऊन खालपर्यंत सोलत जा. वर हिरवी नळी, खाली ती पांढरी होते, एकीच्या पोटात दुसरी शिरलेली. कांदा उभा चिरलात तर दिसेल की त्याचे पापुद्रे म्हणजे याच पातींची फुगलेली बुडं. मधूनच एखादा जाड, ताठ दांडा निघतो, टोकाला बोंड असलेला. ती पात नव्हे, तो डेंगळा. तसली जुडी घेऊ नका, पात निबर लागते.

‘ओला कांदा’ही ऐकू येतो. ओले काजूगर, ओले बोंबील यांच्या पंगतीतला हा ‘ओला’ : अजून न सुकवलेला. पुढे कांदा पोसला की पात बुडाशी लवते, तेव्हा शेतकरी ‘माना पडल्या’ म्हणतात. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले-खंडाळे गावांकडच्या पांढऱ्या कांद्याची पात तेव्हाही छाटत नाहीत. थोडी सुकवून तिचीच वेणी घालतात आणि माळ घरात टांगतात. भाजीची पात तिथे दोर होते. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा खरा ओळखायचा तो या वेण्यांवरून, असं मला मनापासून वाटतं.

घरी पात हवी असेल तर कोंब फुटलेला कांदा फेकू नका. भोक पाडलेल्या करवंटीत माती घालून अर्धा पुरा. कोंब ताठ होऊन वीतभर वर आला की आमच्याकडे त्याला पात म्हणायला लागतात. दोन बोटं ठेवून कापलीत तर पुन्हा येते.